मजकूर छापतो, चित्रावर अडतो: जुन्या कॉम्प्युटरच्या प्रिंटरची दुरुस्ती

सात-बारा झटकन निघतो. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्जही निघतो. त्याच कॉम्प्युटरवरून लग्नपत्रिका किंवा शाळेचं प्रमाणपत्र टाकलं की अर्धंच पान येतं, नाहीतर नारिंगी दिवा लुकलुकत बसतो, नाहीतर प्रत्येक पानावर एकेक ओळ अगम्य चिन्हांची येऊन कागदाचा गठ्ठा संपतो. विदर्भातल्या गावोगावच्या सेवा केंद्रांत, फोटो स्टुडिओंत आणि शाळांच्या ऑफिसांत अजूनही पेंटियम फोर किंवा कोअर टू ड्युओ, एक-दोन जीबी रॅम, विंडोज एक्सपी किंवा 7, आणि शेजारी एचपी लेझरजेट 1020 नाहीतर कॅनन एलबीपी 2900 अशी जोडी दिसते. चित्रावर अडणाऱ्या जोडीत प्रिंटर मोडलेला क्वचितच असतो. तरी सगळे आधी ड्रायव्हर (कॉम्प्युटरला प्रिंटरशी बोलायला लावणारा प्रोग्रॅम) काढून परत टाकतात. त्यात अर्धा दिवस जातो आणि चित्र अडायचं तिथेच अडतं.

चित्र जड का पडतं

ए-फोर पान 600 डीपीआयने (इंचाला 600 ठिपके) छापायचं म्हणजे आडवे 4960 आणि उभे 7016 ठिपके. एका ठिपक्याला एक बिट धरला तरी काळ्या-पांढऱ्या पानाचा बोजा साधारण 4.35 एमबी होतो. लेझरजेट 1020 काय किंवा एलबीपी 2900 काय, दोघांची स्वतःची मेमरी फक्त 2 एमबी. मग पान मावतं कसं? हे प्रिंटर स्वतः काही विचार करत नाहीत. ठिपक्यांचा नकाशा कॉम्प्युटरच तयार करतो, दाबून बारीक करतो आणि तुकड्या-तुकड्यांनी पाठवतो. मजकुराच्या पानात पांढरी जागा भरपूर, म्हणून ते दाबलं की अगदी छोटं होतं. फोटोत करड्या छटा दाखवायला काळे ठिपके विखरून टाकावे लागतात, आणि असा विखुरलेला नकाशा फारसा दबतच नाही.

दुसरी अडचण लेझरच्या स्वभावात आहे. इंकजेट किंवा डॉट मॅट्रिक्स मधेच थांबून पुढच्या ओळीची वाट पाहू शकतो. लेझरमध्ये कागद एकदा आत ओढला की ड्रम (कागदावर चित्र उमटवणारा रूळ) फिरतच राहतो. 2900 मिनिटाला 12 पानं काढतो, म्हणजे एका पानाला पाच सेकंद. एवढ्या वेळात कॉम्प्युटरने पुढचा तुकडा पोचवला नाही तर उरलेलं पान कोरं जातं किंवा काम रद्द होतं. जुन्या मोठ्या लेझरजेटच्या पडद्यावर याच कारणाने 20 किंवा 21 नंबरची एरर येते. 20 म्हणजे मेमरी पुरली नाही, 21 म्हणजे पान फार गुंतागुंतीचं आहे, वेळेत तयार झालं नाही. 1020 ला पडदाच नाही, तो फक्त दिवा मिचकावतो.

आधी दोष कुठे आहे ते पकडा

यासाठी तीन पानं खर्च करायची.

नोटपॅडमध्ये दोन ओळी लिहून छापा. हेही निघत नसेल तर प्रश्न चित्राचा नाहीच. केबल, पोर्ट किंवा प्रिंटरच ऑफलाइन गेलाय.

पेंटमध्ये पोस्टकार्डाएवढा चौकोन गडद काळा भरा आणि छापा. हे पान दिसायला भारी, पण माहितीच्या हिशोबाने हलकं, कारण एकसारखा काळा रंग सहज दबतो. तेव्हा हे पान डागाळलं, फिकट आलं किंवा बोटाने घासल्यावर काळं निघालं, तर दोष टोनर, कागद किंवा विजेचा. डाटाचा नाही.

तिसऱ्या पानावर एखादा फोटो पानभर मोठा करून छापा. चौकोन नीट आला आणि फोटो अर्धवट आला, तर अडथळा कॉम्प्युटर ते प्रिंटर या वाटेत आहे. दोन्ही नीट आले आणि फक्त कोरलची (कोरलड्रॉ या डिझाइनच्या प्रोग्रॅममधली) पत्रिका किंवा एखादी पीडीएफच अडली, तर ती फाइल किंवा तो प्रोग्रॅम बघायचा. ड्रायव्हरला हात लावू नका.

अडकलेली रांग साफ करणं

अर्धवट गेलेलं जड काम विंडोजच्या रांगेत तसंच बसून राहतं. प्रिंटर बंद करून चालू केला तरी तेच परत येतं, आणि मागचा साधा अर्जही निघत नाही. रांगेच्या खिडकीत कॅन्सल दाबून 'डिलीटिंग' एवढंच दिसत राहिलं, तर असं करा:

1. प्रिंटर बंद करा आणि यूएसबी केबल काढा.
2. कंट्रोल पॅनेल, त्यात अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टूल्स, त्यात सर्व्हिसेस. यादीत प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारी सेवा) शोधा, उजवी क्लिक करून स्टॉप.
3. सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम 32, स्पूल आणि शेवटी प्रिंटर्स नावाचं फोल्डर. आत एसपीएल आणि एसएचडी शेपटीच्या फायली दिसतील. त्या सगळ्या काढून टाका. फोल्डर मात्र ठेवा.
4. सर्व्हिसेसमध्ये परत येऊन स्पूलर स्टार्ट करा, मग केबल लावा, मग प्रिंटर चालू करा.

त्या फोल्डरमध्ये जाता-जाता फायलींचा आकारही बघून घ्या. पत्रिकेच्या एका पानाची एसपीएल फाइल शंभर-दीडशे एमबीची दिसली तर चोर सापडला. सी ड्राइव्हवर जागा कमी असेल तर ही फाइल पूर्ण लिहिलीच जात नाही आणि छपाई मधेच तुटते. निदान 2 जीबी मोकळी ठेवा. डिस्क क्लीनअप चालवा, लग्नाचे व्हिडिओ डी ड्राइव्हवर हलवा.

दोन खुणा, ज्यांनी बरंच काही सुटतं

एक्सपीमध्ये प्रिंटर्स अँड फॅक्सेसमध्ये जाऊन प्रिंटरवर उजवी क्लिक आणि प्रॉपर्टीज. विंडोज 7 मध्ये डिव्हाइसेस अँड प्रिंटर्समध्ये 'प्रिंटर प्रॉपर्टीज' निवडायचं. खाली नुसतं 'प्रॉपर्टीज' असतं, ते वेगळं. मग अ‍ॅडव्हान्स्ड टॅब.

तिथे मुळात 'स्टार्ट प्रिंटिंग इमिजिएटली' निवडलेलं असतं. त्याजागी 'स्टार्ट प्रिंटिंग आफ्टर लास्ट पेज इज स्पूल्ड' करा. आता सगळं काम आधी हार्ड डिस्कवर उतरेल आणि मगच प्रिंटरकडे निघेल. सुरू व्हायला वेळ लागतो, गिऱ्हाईक डोकावून बघतं, पण प्रोग्रॅमच्या संथपणामुळे पान अर्धं राहणं बंद होतं.

दुसरी खूण त्याच टॅबवर खाली: 'एनेबल अ‍ॅडव्हान्स्ड प्रिंटिंग फीचर्स'. ती काढा. एरवी विंडोज पानाची फक्त कृती लिहून ठेवतं आणि ठिपके ऐन छापायच्या वेळी बनवतं. खूण काढली की तयार ठिपकेच रांगेत ठेवले जातात. कोरलची पारदर्शक सावली काळा ठोकळा होऊन येणं, किंवा चित्राची जागा रिकामी राहणं, यावर हा उपाय लागू पडतो. एका कागदावर दोन-चार पानं बसवायची सोय मात्र यामुळे बंद पडू शकते, तेवढं ध्यानात असू द्या.

ड्रायव्हरमध्ये 1200 चा पर्याय निवडलेला असेल तर 600 करा. ए-फोर पान 1200 डीपीआयला 4.35 ऐवजी 17.4 एमबी होतं, आणि साध्या 75 जीएसएमच्या कागदावर फरक भिंग लावूनच शोधावा लागेल. तातडीचं काम अडलं असेल तर 300 वर घ्या. बोजा चौथ्या हिश्श्यावर, म्हणजे 1.1 एमबीच्या आत येतो.

फाइलच हलकी करा

सगळ्यात जास्त त्रास इथे असतो, आणि सुधारायला पैसा लागत नाही. पासपोर्ट फोटोचंच घ्या. मोबाइलचा 12 मेगापिक्सेलचा फोटो 4000 बाय 3000 ठिपक्यांचा असतो. फाइल तीन-चार एमबीची दिसली तरी उघडल्यावर मेमरीत 36 एमबी घेतो. तोच फोटो छोटा करून आठ वेळा चिकटवला तर दिसायला आठ पासपोर्ट, पण आत 288 एमबी. 512 एमबी रॅमच्या मशीनवर एक्सपी आणि अँटीव्हायरस धरून एवढं मावत नाही. कॉम्प्युटर हार्ड डिस्क खरडत बसतो आणि प्रिंटर वाट बघून काम सोडतो.

35 बाय 45 मिलिमीटरच्या फोटोला 300 डीपीआयने फक्त 413 बाय 531 ठिपके लागतात. म्हणजे एकाचे 0.66 एमबी, आठांचे सव्वापाच. आधी 35:45 या प्रमाणात कापा, मग रिसाइज करून 413 बाय 531 करा, आणि त्यानंतरच आठ प्रती मांडा. इरफानव्ह्यूसारखा हलका प्रोग्रॅम जुन्या मशीनवर हे काम बरं करतो. कोपरा धरून फोटो लहान केल्याने ठिपके कमी होत नाहीत, फक्त दाटतात. कोरलमध्ये आणि वर्डमध्ये हीच चूक होते.

लग्नपत्रिकेत गणपती, तोरण, कलश, मागे फिकट पोत आणि नावाला सावली. सावल्या, पारदर्शकपणा आणि लेन्सचे परिणाम हेच जड. फाइलची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवा, आणि छपाईच्या प्रतीत सावली असलेली चित्रं निवडून बिटमॅप्स मेन्यूतून कन्व्हर्ट टू बिटमॅप करा: 300 डीपीआय, आणि प्रिंटर काळा-पांढरा असेल तर ग्रेस्केल. रंगीत ठेवलं तर तिप्पट बोजा उगाच वाहावा लागतो. नावं, तिथी आणि पत्ता मात्र बिटमॅप करू नका, अक्षरांच्या कडा फुटतात. अक्षरं बदलून येत असतील तर ती निवडून कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज करा. त्यानंतर मजकूर दुरुस्त करता येत नाही, म्हणून मुलाकडच्यांनी नावं वाचून होकार दिल्यावरच.

पीडीएफचं दुखणं निराळं. पडद्यावर जोडाक्षरं नीट, कागदावर मात्र काना-मात्रा भलतीकडे, किंवा क्यूआर कोडच्या जागी रिकामा चौकोन. अ‍ॅडोबी रीडरच्या प्रिंट खिडकीत अ‍ॅडव्हान्स्ड बटणाखाली 'प्रिंट अ‍ॅज इमेज' आहे, त्यावर खूण करा आणि 300 डीपीआय निवडा. मग अक्षरं जुळवायचं काम प्रिंटरच्या ड्रायव्हरवर पडतच नाही, रीडर पानाचा फोटोच पाठवतो. 600 निवडलं तर जुना कॉम्प्युटर परत गुडघे टेकतो. एक्सपीवर अ‍ॅडोबी रीडर 11 पर्यंतच चालतो, पुढची आवृत्ती चढवायचा खटाटोप करू नका.

केबल आणि पोर्ट

यूएसबी मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा. पुढचे पोर्ट आतल्या पातळ वायरने जोडलेले असतात आणि धुळीने ढिले झालेले असतात. यूएसबी 2.0 ची केबल 5 मीटरच्या वर नको, दीड मीटरची उत्तम. एक्सपी कोपऱ्यात 'हाय-स्पीड डिव्हाइस नॉन-हाय-स्पीड हबला लावलंय' अशा अर्थाचा संदेश दाखवत असेल तर पोर्ट 1.1 च्या वेगाने चाललाय: सेकंदाला 480 मेगाबिटऐवजी 12. मजकुराला तो पुरतो, फोटोला नाही. मदरबोर्डचा यूएसबी 2.0 ड्रायव्हर टाका, किंवा पीसीआय स्लॉटमध्ये यूएसबी 2.0 चं कार्ड बसवा.

केबल दुसऱ्या पोर्टला लावली की विंडोज बऱ्याचदा त्याच प्रिंटरची 'कॉपी 1' नावाने नवीन नोंद करतं. जुनी नोंद ऑफलाइन पडते आणि कोरल मात्र तिलाच काम पाठवत राहतं. जी नोंद चालू आहे तिला डिफॉल्ट करा, दुसरी काढून टाका.

पॅरलल केबलचा जुना लेझर किंवा एप्सनचा डॉट मॅट्रिक्स असेल तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) पोर्टचा मोड बघा. साध्या एसपीपी मोडमध्ये सेकंदाला जेमतेम 150 केबी जातात, म्हणजे 4.35 एमबीच्या पानाला जवळपास अर्धा मिनिट. ईसीपी किंवा ईसीपी अधिक ईपीपी करा. प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स, कॉन्फिगर पोर्ट, तिथे ट्रान्समिशन रिट्रायचे 90 सेकंद असतील ते 300 करा. बायोसमध्ये केलेला बदल लाइन गेल्यावर पुसला जात असेल, घड्याळही मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर 2032 सेल संपलाय. तीन व्होल्टचा हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. 'काल नीट चालत होता, आज चित्र अडतं' या तक्रारीमागे हा सेल असू शकतो हे पुष्कळांच्या डोक्यातच येत नाही.

लाइन, कूलर आणि काळी माती

1020 चा एक गुण माहीत हवा. त्याच्या पोटात स्वतःचं फर्मवेअर (प्रिंटर चालवणारा आतला प्रोग्रॅम) कायमचं राहत नाही, प्रत्येक वेळी चालू झाला की कॉम्प्युटरकडून मागून घेतो. लाइन जाऊन आली, कॉम्प्युटर यूपीएसवर जागाच राहिला आणि प्रिंटर बंद होऊन परत चालू झाला, की कधीकधी ही देवाणघेवाण हुकते. दिवा हिरवा, रांगेत 'प्रिंटिंग', आणि कागद जागचा हलत नाही. यूएसबी काढा, दहा आकडे मोजा, परत लावा. नाही जमलं तर कॉम्प्युटर पूर्ण चालू होऊ द्या, नंतर प्रिंटर.

लेझर प्रिंटर कॉम्प्युटरच्या यूपीएसवर लावू नका. छापताना तो सरासरी अडीचशे वॉटच्या आसपास घेतो, पण आतला हीटर पेटतो त्या क्षणी कितीतरी जास्त. 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॉटचा असतो. हीटर पेटला की तो चिरकतो आणि कॉम्प्युटरही रीस्टार्ट होतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवरही लेझर नको, हीटरचं नियंत्रण बिघडतं. शेतीपंप सुरू झाल्यावर व्होल्टेज 190 च्या खाली येत असेल, तर हीटर पुरेसा तापत नाही आणि गडद चित्र बोटाने पुसलं जातं. प्रिंटरपुरता स्टॅबिलायझर घ्या, किंवा जड चित्रांचं काम व्होल्टेज बरं असतं त्या वेळेला काढा.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये लग्नसराई आणि कूलर एकदमच सुरू होतात. कूलरची मोटर आणि प्रिंटर एका बोर्डावर नकोत. त्याहून महत्त्वाचं, कूलरच्या झोतात कागद नको. ओलसर हवेने कागद दमट होतो, मग गडद भागात पांढुरके ढग येतात आणि पान गुंडाळून अडकतं. ट्रेमध्ये लागेल तेवढाच कागद भरा, बाकी रीम प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवा. पावसाळ्यातही हेच.

काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगची पट्टी मातीपासून सुटते. कॉम्प्युटरच्या पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात तेव्हा यूएसबीवरून जाणारी माहितीही बिघडू शकते. वायरमनकडून अर्थ आणि न्यूट्रलमधलं व्होल्टेज मोजून घ्या, 2-3 व्होल्टच्या आत हवं. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून बादलीभर पाणी ओतत राहा.

काही खुणा आणि त्यांचे अर्थ

पानापानावर एकेक ओळ चिन्हांची: ड्रायव्हर भलत्याच मॉडेलचा आहे किंवा काम मधेच तुटलंय. आधी कागद काढून घ्या, मग वर सांगितल्याप्रमाणे रांग साफ करा.

'पीसीएल एक्सएल एरर' लिहिलेलं पान: पीसीएल ही काही प्रिंटरांची पान समजून घ्यायची भाषा; पीसीएल 6 ड्रायव्हरला ती फाइल पेलली नाही. त्याच प्रिंटरचा पीसीएल 5 ड्रायव्हर मिळत असेल तर तो टाका. हे 1020 आणि 2900 ला लागू नाही, ते पीसीएल बोलत नाहीत.

दर साडेसात सेंटिमीटरवर तोच डाग: 1020 मध्ये बसणाऱ्या 12ए कार्ट्रिजच्या ड्रमचा घेर तेवढाच असतो, ड्रमवर ओरखडा आहे. रिफिल करून तो जाणार नाही, ड्रम बदलावा लागेल.

इंक टँक प्रिंटरवर फोटोत आडव्या रेघा: आधी नोझल चेक (बारीक रेघांच्या जाळीचं चाचणीचं पान) काढा. जाळी तुटकी असेल तर हेड क्लीनिंग, पण लागोपाठ तीन वेळांच्या वर नको, शाई वाया जाते आणि वेस्ट पॅड (वाया गेलेली शाई शोषणारा आतला बोळा) भरतो. प्रिंटर रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी परत बघा. जाळी अखंड असूनही रेघा येत असतील तर कान द्या: हेड मधेच थांबतंय का? थांबत असेल तर कॉम्प्युटर माहिती उशिरा देतोय, रेघ त्या थांब्याची आहे. बाकी प्रोग्रॅम बंद करा, अँटीव्हायरसचा स्कॅन थांबवा.

डॉट मॅट्रिक्स काळा भाग छापताना हळू झाला तर घाबरू नका. हेड तापलं की तो आपणच वेग कमी करतो. हेडला लगेच हात लावू नका, आणि मोठे काळे ठोकळे त्याच्यावर छापूच नका.

एवढं करूनही पानभर फोटो अडत असेल तर रॅम वाढवा. डीडीआर 2 ची 2 जीबीची जुनी पट्टी नव्या प्रिंटरपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. पट्टी घ्यायला जाताना मशीनमधली पट्टी सोबत न्या: डीडीआर 1, 2 आणि 3 च्या खाचा वेगळ्या जागी असतात, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. पट्टी बसवायच्या आधी प्लग काढा, सोन्याचे दात खोडरबराने पुसा, आणि दोन्ही बाजूंच्या कळा टक्क वाजेपर्यंत दाबा.